आचारसंहितेतली ‘सूट’ आली कुठून?

वित्तीय कारभारातल्या नीतिमत्तेचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात बहुधा शेअर बाजाराच्या १९२९च्या घसरणीपासून होते. त्यानंतर १९३३ आणि १९३४ साली अमेरिकेत झालेल्या कायद्यांचा भर माहिती उघड करण्यावर होता. १९७०च्या दशकात ‘मालक एक, कारभारी दुसराच’ या तिढ्यावर सिद्धान्त मांडले गेले. कारभाऱ्याला शेअरमध्ये वाटा दिला की तो मालकासारखा वागेल, असा त्यातून अर्थ काढला गेला. प्रत्यक्षात त्याची नजर तिमाहीच्या भावावर खिळली.

आजच्या नियमांचे मूळ मात्र १९९९च्या एका निर्णयात आहे. ह्यूस्टनमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला खासगी भागीदारी चालवायची होती, आणि तिचे व्यवहार याच कंपनीशी होणार होते. विकणाऱ्याच्या खुर्चीत तोच, घेणाऱ्याच्या खुर्चीतही तोच. कंपनीची स्वतःची आचारसंहिता आड आली, तेव्हा संचालक मंडळाने रीतसर ठराव करून ती त्याच्यापुरती बाजूला ठेवली; हीच ती ‘सूट’. काही महिन्यांनी दुसऱ्या भागीदारीसाठी पुन्हा तेच. त्या अधिकाऱ्याने यातून किमान ३ कोटी डॉलर कमावले. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. गंमत म्हणजे २००० साली निघालेली तिची संहिता चांगली ६४ पानी होती.

त्यानंतर अमेरिकेत आलेल्या २००२च्या कायद्याने कंपन्यांना आचारसंहिता सक्तीची केली, असा सर्रास समज आहे. तसे नाही. संहिता आहे का ते सांगा, नसेल तर का नाही ते सांगा, एवढेच तो म्हणतो. त्याचा दात आहे तो ‘सूट’ या शब्दात: वरिष्ठ वित्त अधिकाऱ्याला सूट दिली तर ती जाहीर करायची, आधी ५ आणि पुढे ४ कामकाजाच्या दिवसांत. पण सूट म्हणजे काय? ठराव असेल तर प्रश्नच नाही. वरिष्ठाला सगळे ठाऊक आहे आणि तो गप्प बसला, तर? या कायद्याखालच्या २००३च्या नियमांनी यालाही सूटच मानले: संहितेचा गंभीर भंग कळूनही ‘वाजवी मुदतीत’ काही न करणे. हे मला त्या नियमांतले सर्वांत धीट कलम वाटते. वाजवी म्हणजे किती, हे मात्र मोघमच राहिले. शिवाय ‘समितीच्या पूर्वपरवानगीने चालेल’ असे संहितेतच लिहून ठेवले, की परवानगीला सूट म्हणावेच लागत नाही.

२००८ साली बुडालेल्या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक बँकेला तर सूट मागायचीही गरज पडली नाही. तिमाही संपताना, कर्ज कमी दिसावे म्हणून, सुमारे ५,००० कोटी डॉलरची मालमत्ता ती ताळेबंदाबाहेर काढत असे. तारण ठेवून घेतलेले कर्ज ‘विक्री’ म्हणून दाखवायचे, आणि त्याला आधार लंडनच्या वकिलांच्या लेखी मताचा.

त्यानंतरचा कल बोनसच्या वसुलीकडे आहे. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने सांगितलेला हा नियम पक्का व्हायला २०२२ उजाडले. हिशेब दुरुस्त करावे लागले, तर आधीच्या ३ वर्षांतला जादा बोनस अधिकाऱ्याकडून परत घ्यायचा, चूक त्याची असो वा नसो. इथे वसुली सोडून देण्याची मुभा संचालक मंडळाला अगदी मोजक्याच प्रसंगी आहे. वसुलीचा खर्च रकमेहून जास्त होणार असेल, तो त्यातला एक.