केळकर संग्रहालयात आमच्यासोबत येण्यापूर्वी

नमस्कार. आमच्या पेठफेरीसाठी तुम्ही नाव नोंदवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. या फेरीतला सगळ्यात मोठा मुक्काम म्हणजे पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे आपण दोन तास थांबतो. "भांडीकुंडी आणि दिवे बघायला दोन तास?" असं नाव नोंदवताना बरेच जण विचारतात. म्हणून हे पत्रक.

आधी नावाबद्दल. यातला 'राजा' म्हणजे पदवी नव्हे. दिनकर गंगाधर केळकर कुठले संस्थानिक नव्हते. घरचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो लहान वयातच गेला. काकांना (पुण्यात त्यांना सगळे काकाच म्हणत) जुन्या वस्तू जमवण्याचा नाद १९२० च्या सुमारास लागला होता. पुढे तो सगळा संग्रह त्यांनी राजाच्या नावाने उभा केला. पत्नी कमलाबाईंची त्यात अखेरपर्यंत साथ होती. १९६२ साली संग्रहालय सुरू झालं आणि १९७५ मध्ये काकांनी ते महाराष्ट्र शासनाच्या हवाली केलं. १९९० मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांनी मागे ठेवल्या. एका वेळी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात.

काकांनी काय जमवलं, यापेक्षा काय निवडलं ते आम्हाला महत्त्वाचं वाटतं. त्या काळी संग्राहकांची नजर नाणी, मूर्ती, शस्त्रं यांच्यावर असे. काकांनी समया, फण्या, कुंकवाचे करंडे, दौती, पानाचे डबे, सोऱ्या, दारं उचलली. ज्या वस्तू लोक मोडीत घालत होते, त्याच. बनवणाऱ्या तांबट-सुतारांची नावं बहुतेक ठिकाणी कुणालाच ठाऊक नाहीत.

आता दोन वस्तू जरा जवळून.

पहिली, अडकित्ता. सुपारी कातरायला खरं तर दोन दांडे, मधे एक खिळा आणि एक धारदार पातं एवढं पुरतं. पण इथले अडकित्ते बघा: एकाचा पोपट झालाय, एकाचा घोडा, कुठे स्त्री-पुरुषाची जोडी, दांडे मिटले की दोघं जवळ येतात. पातं लोखंडाचं, कारण धार लागते. अंग पितळेचं, कारण त्यावर नक्षी खुलते. मुठीकडची नक्षी कुठे कुठे हाताने झिजून गुळगुळीत झालेली दिसते. तिथे जरूर थांबा.

दुसरी, वज्री. टाचा घासायची. खालच्या बाजूला आडव्या-उभ्या रेघांची खरखरीत जाळी, आणि वर धरायला पक्षी नाहीतर प्राणी. मागे एका फेरीत सत्तरीच्या एक आजी या कपाटापुढून हलेनात. मग नातवाला म्हणाल्या, "अरे, आमच्या न्हाणीघरात ही होती. वरची चिमणी मी मोडली आणि आईचा मार खाल्ला." त्यानंतर त्या नातवाने उरलेलं संग्रहालय आजीचं बोट धरून पाहिलं. असे क्षण घाईत सापडत नाहीत.

मस्तानी महालाबद्दल सगळेच विचारतात. बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. त्याचे अवशेष काकांनी आणले आणि इथे तो दिवाणखाना पुन्हा उभा केला. तिथे गर्दी फार असते, म्हणून आपण तो शेवटी पाहतो. वाद्यांचं दालन, चित्रकथीची (म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या परंपरेतली) चित्रं आणि कोरीव दरवाजे मात्र चुकवू नका. दरवाज्यांपुढे आम्ही तुम्हाला बराच वेळ उभं करणार आहोत, आधीच सांगून ठेवतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. एका फेरीत आठच जण असतात, कारण दालनं लहान आहेत आणि मागच्याला काही दिसलं नाही की त्याचा वेळ वाया जातो. संग्रहालयाचं तिकीट आमच्या शुल्कात नाही, ते खिडकीवर काढायचं. फोटोंचे नियम तिथे लावलेले असतात, ते पाळूया. जिने बरेच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, आपण त्या बेताने चालू. चार वर्षांच्या आतली मुलं कंटाळतात, त्यापुढची सहसा नाही. दिव्यांच्या दालनात मोर मोजायला सांगितलं की ती आमच्याही पुढे पळतात.

आणि एक विनंती. घरात माळ्यावर एखादं जुनं भांडं, दिवा, पानाचा डबा पडला असेल तर त्याचा फोटो घेऊन या. चिंच लावून लख्ख घासू नका, आहे तसाच काढा. फेरी संपली की बाहेर चहा घेताना आपण ते फोटो बघतो, आणि तशीच वस्तू आत कुठल्या कपाटात होती ते आठवून सांगतो.