कॉर्न स्नेकच्या अंड्यात दडलेले रंग

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक वेगळाच कॉर्न स्नेक सापडला. ही उंदरांवर जगणारी, बिनविषारी जात. आपल्याकडे धामण जे काम करते तेच तिकडे हा साप करतो. एरवी त्याच्या नारिंगी पाठीवर मोठाले लाल डाग असतात, प्रत्येक डागाला काळी किनार आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. या नराच्या अंगावर मात्र काळ्याचा मागमूस नव्हता. तो डॉ. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञांकडे आला आणि त्यांनी साध्या रंगाच्या मादीशी त्याची जोडी लावली.

पिल्लं निघाली ती सगळी रानातल्या सापांसारखी, काळ्या किनारीची. बापाचा वेगळेपणा संपला असंच कुणालाही वाटलं असतं. पण ती पिल्लं वयात आल्यावर त्यांची आपसात जोडी लावली, तेव्हा पुढच्या पिढीत काळा रंग नसलेली पिल्लं पुन्हा दिसली. बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १९६२ मध्ये याचा शोधनिबंध छापला. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियम सापातही लागू होता. काळं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार होण्यासाठी लागणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक जरी धड असली तरी काळा रंग दिसतो. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच तो जातो. एकच बिघडलेली प्रत बाळगणाऱ्या पिल्लाला साप पाळणारे ‘हेट’ म्हणतात, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही.

हा बिघाड नेमका कुठे आहे ते जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. ओसीए२ नावाच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसलेला आहे. एखाद्या पुस्तकाच्या मधोमध दुसऱ्याच पुस्तकाची पानं शिवली जावीत, तसा. याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडांमुळे माणसांत एका प्रकारचा वर्णहीनपणा येतो, आणि मेक्सिकोच्या अंधाऱ्या गुहांतले मासे फिके पडतात तेही यातूनच. साप, मासा आणि माणूस यांच्या कातडीचा रंग एकाच जनुकाशी येऊन मिळतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

लाल रंगाची गोष्ट वेगळी आहे. ‘अ‍ॅनेरी’ या प्रकारात तो नसतो. साप राखाडी-काळा दिसतो आणि वय वाढलं की गळ्याशी पिवळसर छटा येते. आता काळा नसलेला साप आणि लाल नसलेला साप यांची जोडी लावा. पिल्लं सगळी साधी! कारण प्रत्येकाला दोन्ही जनुकांची एकेक धड प्रत मिळालेली असते. या भावंडांची आपसात जोडी लावली, तर सरासरी १६ पिल्लांत ९ साधी, ३ काळ्याविना, ३ लालाविना आणि १ दोन्हींविना: गुलाबीसर पांढरं, लाल डोळ्यांचं. त्याला ‘स्नो’ म्हणतात.

त्या एका पिल्लासाठी पाळणारे बरंच काही करतात. हिवाळ्यात सापांना दोनेक महिने गारव्यात, उपाशी ठेवायचं. वसंतात जोडी लावायची. मादीने घातलेली अंडी न उलटवता ओलसर भुश्यात, साधारण २८ अंश सेल्सिअसला ठेवायची. दोनेक महिन्यांनी पिल्लू नाकाच्या टोकावरच्या बारीक दाताने चामड्यासारखं कवच चिरतं आणि कधी कधी दिवसभर नुसतं डोकं बाहेर काढून पडून राहतं. डोळा लाल की काळा, ते तिथेच कळतं.

फ्लोरिडातल्या पाइन आयलंडवरून आलेला ‘चारकोल’ हा प्रकारही लालाविना असतो आणि अ‍ॅनेरीसारखाच दिसतो. पण या दोघांची जोडी लावली की पिल्लं चक्क नारिंगी! लाल रंग घालवणारी जनुकं दोन वेगवेगळी आहेत, हे प्रयोगशाळेशिवाय, नुसत्या एका विणीतून सिद्ध होतं. जनुकशास्त्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण रंग ज्या वाटेने दडून येतो, त्याच वाटेने आजारही येतो. ‘सनकिस्ड’ नावाच्या रंगप्रकाराच्या वंशात ‘स्टारगेझर’ हा मज्जासंस्थेचा दोष सापडला. अशा पिल्लाची मान मागे वळते, तोल जातो, सरळ पुढे सरकणं जमत नाही. दोषाचं जनुक पुन्हा अप्रभावीच, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्या तरच दोष दिसतो. त्यामुळे एकच बिघडलेली प्रत बाळगणारा वाहक साप दिसायला ठणठणीत. नव्या रंगाच्या हौसेपायी भावंडांच्या जोड्या लावत गेलं की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. म्हणून साप विकत घेताना रंगाच्या आधी त्याच्या आईबापांची नोंद मागायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

एखादा साप वाहक आहे का हे जोडी लावून तपासायचं, तर संशयित सापाची जोडी माहीत असलेल्या वाहकाशी लावतात. तो स्वतः वाहक असेल तर दर पिल्लामागे दोषाची शक्यता चारात एक. १२ पिल्लं निरोगी निघाली, तरी तो वाहक असूनही निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता सुमारे ३ टक्के उरते. जोडीदार म्हणून दोष असलेलाच साप घेतला तर ती ४०९६ मध्ये १ इतकी खाली येते. पण मग संशय खरा ठरला, तर त्या विणीतली सरासरी निम्मी पिल्लं आजारी जन्मतात.