भुकेल्या पोटी मोजलेली नदी

२७ फेब्रुवारी १९१४ रोजी पश्चिम ब्राझीलच्या अरण्यात २२ माणसं सात होड्यांतून एका अनोळखी नदीवर निघाली. झाडाचं अख्खं खोड कोरून केलेल्या त्या होड्या जड होत्या, पाण्यात खोल बसत होत्या. कर्नल कांदिदो रोंदोन यांना या नदीचा उगम १९०९ मध्ये तारेची लाइन टाकताना सापडला होता. ती पुढं कुठल्या नदीला मिळते हे कुणालाच ठाऊक नसल्यानं त्यांनी तिला ‘संशयाची नदी’ म्हटलं. या वेळी त्यांच्यासोबत अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा कर्मिट होते.

या मोहिमेच्या गोष्टीत रूझवेल्टच पुढं असतात. मला मात्र रोंदोन यांनी केलेली नदीची मोजणी जास्त थोर वाटते.

कर्मिटची होडी पुढं जाई. नजर पोचेल तितक्या लांब काठावर उतरून, मुंग्या आणि गांधीलमाश्या झेलत, फांद्या तोडून तो एक काठी उभी करी. तिच्यावर लाल आणि पांढरी अशा दोन तबकड्या. काठी जितकी दूर, तितकं तबकड्यांमधलं अंतर कमी भासतं. त्यावरून रोंदोन यांचे सहकारी लेफ्टनंट लिरा लांबी काढत आणि रोंदोन होकायंत्रावर दिशा टिपत. पहिल्या अर्ध्या दिवसात कर्मिट शंभरएक वेळा उतरला आणि नदी जेमतेम सव्वानऊ किलोमीटर पुढं सरकली.

मग खळाळ सुरू झाले. ही नदी प्राचीन, कठीण खडकाच्या पठारावरून ॲमेझॉनच्या सखल भागाकडं उतरते, म्हणून ते एकामागून एक येतात. दर वेळी सामान उतरवून होड्या जंगलातून ओंडक्यांवरून ओढाव्या लागत. काही होड्या फुटल्या, नव्या कोराव्या लागल्या. शिधा आटत गेला. एवढ्या हिरवाईत उपासमार कशी, असं वाटेल. पण तिथं एका जातीची झाडं दूरदूर विखुरलेली असतात, फळं उंच शेंड्यांवर आणि शिकारही बरीचशी तिथंच.

१५ मार्चला कर्मिटची मोजणीची होडी प्रवाहात ओढली गेली. तो कसाबसा वाचला, होडी वल्हवणारा सिंप्लिसियो बुडाला. दुसऱ्या दिवशी रोंदोन यांचा कुत्रा लोबो बाणांनी मेला. बाण मारणारे दिसले नाहीत, पण ही त्यांची भूमी आहे हे रोंदोन जाणून होते. ‘वेळ आली तर मरा, मारू मात्र नका’ हा त्यांचा नियम. त्यांनी तिथं भेटवस्तू ठेवल्या.

मोजणी आता जिवावर बेतली होती. थांबून मोजणं सोडा, असा रूझवेल्ट यांनी आग्रह धरला. रोंदोन यांनी नाराजीनं वेगवान, पण कमी काटेकोर पद्धत मान्य केली. पुढं रूझवेल्ट यांच्या पायाची जखम चिघळली, मलेरियाचा ताप चढला. मला इथंच सोडून जा, असंही ते म्हणाले. एका कामगारानं दुसऱ्याचा खून केला. तरी नोंदी थांबल्या नाहीत.

एप्रिलच्या मध्यात काठावर रबर गोळा करणाऱ्यांची खूण दिसली आणि महिनाअखेरीस मंडळी सुखरूप ठिकाणी पोचली. युरोपातल्या काही भूगोलतज्ज्ञांनी या नदीच्या शोधाबद्दलच शंका घेतली. १९२७ मध्ये शोधप्रवासी जॉर्ज डायट यांनी तोच प्रवाह पुन्हा पार केला आणि ती शंका मिटली.