आणखी एका प्रेक्षकाचा खर्च

20 एप्रिल 2022 रोजी नेटफ्लिक्सचा शेअर एका दिवसात सुमारे 35 टक्के कोसळला. पहिल्या तिमाहीत 2 लाख वर्गणीदार घटल्याचं कंपनीने आदल्या दिवशी जाहीर केलं होतं. गुंतवणूकदार बिल ॲकमन यांच्या पर्शिंग स्क्वेअर या फंडाने तीनच महिन्यांपूर्वी अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे शेअर घेतले होते. ते सगळे विकून त्यांनी सुमारे 40 कोटी डॉलरचा तोटा पत्करला. मग गुंतवणूकदारांत जुनाच वाद नव्याने पेटला: नेटफ्लिक्स तंत्रज्ञान कंपनी आहे की मनोरंजन कंपनी?

वाद नुसत्या नावाचा नाही. सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की पुढच्या ग्राहकावर जवळजवळ काहीच खर्च होत नाही, म्हणून बाजार अशा कंपन्यांना चढा भाव देतो. तेव्हा खरा प्रश्न असा की स्ट्रीमिंगमध्ये आणखी एक प्रेक्षक वाढला तर किती खर्च वाढतो? याचं उत्तर मला ताळेबंदाआधी अभियांत्रिकीत शोधावंसं वाटतं.

टीव्हीच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर हजारांनी पाहिली काय नि लाखांनी काय, मनोऱ्याला फरक पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकाकडे वेगळा प्रवाह जातो. आणि चित्र मुळात अवाढव्य असतं. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांवर ठिपके. प्रत्येकाच्या रंगासाठी 24 बिट आणि सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर सेकंदाला जवळपास 120 कोटी बिट होतात. प्रत्यक्षात घरी पोहोचतात 50 लाखांच्या आसपास. बाकीचे गेले कुठे?

बातम्या वाचणारी निवेदिका डोळ्यांपुढे आणा. तिचे ओठ हलतात, मान थोडी कलते, मागची भिंत मात्र तशीच. मग भिंत दर फ्रेमला पुन्हा कशाला पाठवायची? कोडेक, म्हणजे चित्र दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर, एक फ्रेम पूर्ण पाठवतो आणि पुढच्या बहुतेक फ्रेमसाठी फक्त सांगतो की हा चौकोन इतका उजवीकडे सरकला, तो आहे तसाच ठेवा. उरलेल्या फरकातलेही जे बारकावे डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, ते तो सोडून देतो. मला हे संगणकशास्त्रातलं अतिशय सुंदर काम वाटतं. 2015 साली नेटफ्लिक्सने आणखी एक पाऊल टाकलं. तोवर सगळ्या चित्रपटांना दर्जाच्या पायऱ्यांची एकच ठरलेली शिडी लावली जाई, सेकंदाला 235 ते 5800 किलोबिटची. आता प्रत्येक चित्रपटाची शिडी त्याच्या दृश्यांनुसार ठरू लागली, कारण सपाट रंगांच्या कार्टूनला जेवढे बिट पुरतात तेवढे धुळीने भरलेल्या लढाईला पुरत नाहीत.

पुढचा खर्च वाहतुकीचा. नेटफ्लिक्सने ‘ओपन कनेक्ट’ नावाने स्वतःचे सर्व्हर थेट इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांच्या केंद्रांत ठेवले. उद्या काय पाहिलं जाईल याचा अंदाज बांधून, वर्दळ कमी असलेल्या वेळी ते आधीच भरून ठेवायचे. संध्याकाळी तुम्ही प्ले दाबता तेव्हा चित्रपट बहुधा जवळच्याच पेटीतून येतो. अशा व्यवस्थेत आणखी एका प्रेक्षकाचा खर्च अगदी किरकोळ. इथवर तंत्रज्ञान कंपनी म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे.

पण त्या पेटीत भरायचं काय? 2022 मध्ये नव्या-जुन्या कार्यक्रमांवर कंपनीचे सुमारे 17 अब्ज डॉलर गेले, आणि ही रक्कम कुठल्याही कोडेकने दाबून लहान होत नाही. पुढे जाहिराती आल्या, पासवर्ड वाटून घेण्यावर बंधनं आली, 2024 अखेर वर्गणीदार 30 कोटींवर गेले आणि ओरड थांबली. माझ्या मते अभियांत्रिकीचा कस मात्र लागला थेट प्रक्षेपणात.

15 नोव्हेंबर 2024 रोजी टेक्सासमध्ये जेक पॉल आणि माइक टायसन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. कंपनीच्याच आकड्यानुसार एका क्षणी साडेसहा कोटी प्रवाह चालू होते. अनेकांचं चित्र अडकलं, धूसर झालं. कारण इथे आधी भरून ठेवायला काही नसतंच. ठोसा बसल्यावर काही सेकंदांत त्याचं चित्र दाबून लहान करायचं, त्याचे छोटे तुकडे करायचे आणि ते सगळ्या पेट्यांपर्यंत पोहोचवायचे. प्रत्येक दृश्याला निवांत तासून बघायची सवड नाही. शिवाय चित्रपटाचे प्रेक्षक दिवसभरात विखुरतात, लढतीचे सगळे एकाच मिनिटाला येतात. त्या एका मिनिटासाठी उभारलेली क्षमता एरवी रिकामी राहते. आणखी एका प्रेक्षकाचा जो खर्च किरकोळ झाला होता, तो इथे पुन्हा जाणवू लागतो. तरीही जानेवारी 2025 पासून डब्ल्यूडब्ल्यूईचा ‘रॉ’ हा कुस्तीचा कार्यक्रम कंपनीने दर आठवड्याला थेट दाखवायला घेतला. करार 10 वर्षांचा, 5 अब्ज डॉलरचा.