थरथर चाकाची की इंजिनाची?

सोलापुरात कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतं : "अण्णा, गाडी लई थरथरायलीय." अण्णा विचारतात, "कवा?" गिऱ्हाईक सांगतं, "कायमच की." घोळ सुरू होतो तो इथंच. जुनी गाडी कायम थरथरते असं वाटतं, पण नीट लक्ष दिलं तर ती ठरावीक वेळीच थरथरते. ती वेळ कोणती, एवढं गिऱ्हाइकाला सांगता आलं तर अण्णांचं निम्मं काम तिथंच होतं.

आमची वॅगनआर 2012 सालची, तीन सिलिंडरची. दुसऱ्या हातची घेतली. सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की सीट, गिअरचा दांडा, आरसा, सगळं हलायचं. पुणे रस्त्याला लागलो, पाकणी मागं टाकून वेग नव्वदीला नेला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागायचं. मी या दोन्हीला एकच दुखणं समजलो आणि गॅरेजमध्येही तसंच सांगितलं. त्यांनी इंजिनाचं एक फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, बदललं. सिग्नलची थरथर गेली, हायवेची तशीच राहिली. काम नीट झालं नाही म्हणून मी तक्रार घेऊन परत गेलो. काम तर नीटच झालं होतं. गाडीला दोन आजार होते आणि मी एकाचंच नाव दोघांना दिलं होतं.

दोन्ही थरथरी हाताला इतक्या सारख्या का लागतात, त्याचा हिशोब मला फार आवडतो. 145/80 आर 13 हा टायर घ्या. त्याचा घेर साधारण 1.77 मीटर. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. म्हणजे चाक सेकंदाला 14 फेरे मारतं, मिनिटाला साधारण 850. आता सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन बघा. त्याचं आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालणं, तेही मिनिटाला 800-900 फेऱ्यांच्या आसपासच असतं. सावळेश्वर टोल नाक्याच्या अलीकडं धावणारं चाक आणि सात रस्त्याला थांबलेलं इंजिन जवळजवळ एकाच गतीनं फिरत असतात. हाताला तोच ठेका लागतो. फरक हाताला कळत नाही, म्हणून प्रश्न दुसराच विचारावा लागतो : ही थरथर कुणाच्या मागं जाते? रस्त्यावरच्या वेगाच्या, की इंजिनाच्या फेऱ्यांच्या?

आधी चाकाचं बघू. चाक म्हणजे रिम, टायर आणि त्यावर चिकटवलेले वजनाचे छोटे तुकडे. एका बाजूला वजन जास्त झालं की प्रत्येक फेऱ्याला चाक तिकडं ओढलं जातं. रिमवरून 30 ग्रॅमचा तुकडा पडला असं धरा. उभ्या गाडीत 30 ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण 90 च्या वेगाला तोच फरक जवळजवळ चार किलोच्या जोरानं चाकाला ओढतो, सेकंदाला 14 वेळा, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलत. वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो. म्हणून जुळे सोलापूर ते नवी पेठ या फेऱ्यांत ही थरथर कधी जाणवत नाही, आणि बायपासला लागलं की अचानक येते.

आणखी एक गंमत आहे, तिनं बरेच जण फसतात. 80 ते 100 मध्ये थरथर जोरात येते आणि त्याच्या पुढं काही गाड्यांत कमी झाल्यासारखी वाटते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले की तो उंच जातो, लय चुकली की नाही जात, तसंच हे आहे. चाक आणि सस्पेन्शनची स्वतःची एक लय असते, चाकाचे फेरे तिच्याशी जुळले की हलणं वाढतं. पुढं लय सुटते, पण दोष जागेवरच असतो. "110 ला गाडी मस्त चालते" म्हणून विकणाऱ्याचं ऐकू नका.

आपल्याकडं चाकाचा तोल जाण्याचं एक अगदी इथलं कारण आहे : काळी माती. पावसाळ्यात शेतावर जाऊन आलं की चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो. उन्हात तो असा वाळतो की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं निघत नाही. बाहेरून चाक धुतलेलं, चकचकीत दिसतं आणि आत मूठभर ढेकूळ चिकटलेलं असतं. कालपर्यंत नीट असलेली गाडी शेतावरून आल्यावर हायवेला थरथरायला लागली तर पैसे खर्च करण्याआधी चारही रिम आतून खरवडून धुवा.

बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर वजनं लावून चाकाचा तोल साधणं, तेही करून थरथर गेली नाही तर टायर किंवा रिमवर संशय घ्यावा. खड्ड्यात आपटून रिमला बाक आला असेल, किंवा टायरच्या आतले पट्टे सुटून तो एका जागी फुगला असेल. अशी गाडी 30-40 च्या वेगालाही डुलते, बैलगाडीच्या वाकड्या चाकासारखी. तिथं वजनं लावून उपयोग नाही. मशीनवर सगळे आकडे शून्य येतील आणि गाडी तशीच डुलेल. टायर गोलच नसेल तर त्याचा तोल साधून काय होणार? आपल्या उन्हात, कमी हवेवर पळवलेल्या जुन्या टायरला हे लवकर होतं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. 2317 म्हणजे 2017 सालच्या 23 व्या आठवड्यातला. जुन्या गाडीचे टायर नक्षीनं भरलेले दिसले तरी हे आकडे वाचाच. कमी पळालेल्या गाडीत टायर झिजत नाही, नुसता म्हातारा होतो.

थरथर स्टेअरिंगला लागत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट आणि तळाला लागत असेल तर मागची. खात्री करायची तर पुढची दोन चाकं मागं टाकून बघा. थरथर स्टेअरिंगवरून सीटखाली गेली की चोर सापडला.

आता इंजिन. इंजिन तर चालताना हलणारच, तीन सिलिंडरचं चारवाल्यापेक्षा जास्त. त्याच्या बांधणीतच तो डोल आहे. ते हलणं बॉडीपर्यंत पोचू नये म्हणून इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेलं असतं. पुस्तकात त्यांना माउंटिंग म्हणतात, गॅरेजमध्ये फाउंडेशन. दहा-बारा वर्षांत हे रबर कडक होतं, चिरतं, ऑइल गळत असेल तर फुगून मऊ पडतं. मग इंजिन तेवढंच हलतं, पण पोचतं मात्र सगळं, पार दातांपर्यंत. एसी लावला की इंजिनावर बोजा येतो आणि थरथर वाढते. थोडा ॲक्सिलरेटर दिला की शांत होते, कारण फेरे वाढले की ती संथ, जाड थरथर संपते. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना खालून "धप्" असा आवाज येत असेल तर फाउंडेशनवरचा संशय आणखी पक्का होतो.

पण फाउंडेशन बदलायच्या आधी इंजिन सगळ्या सिलिंडरवर चालतंय ना, ते बघायला हवं. जुना प्लग किंवा खराब इग्निशन कॉइल असेल तर एक सिलिंडर मधूनच दगा देतो, ज्याला आपण गाडी मिसिंग करतेय म्हणतो. तीनपैकी एक गेला तर काय उरलं? ही थरथर एकसारखी नसते, मधेच अडखळते, ठेका चुकलेल्या हलगीसारखी. चढावर गाडी दमते, पेट्रोल जास्त खाते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागू शकतो. नवं फाउंडेशन टाकून हे दुखणं झाकलं जातं, जात नाही. माझ्या मते प्लग आधी, थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, सफाई नंतर आणि फाउंडेशन शेवटी. स्वस्ताकडून महागाकडं जायचं.

हे वेगळं ओळखायला तीन गोष्टी पुरतात. पहिली, गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवा. चाकं थांबलेली असताना थरथर येत असेल तर चाकांचा त्यात काही संबंध नाही. दुसरी, रिकाम्या सरळ रस्त्यावर वेग थरथरीवर आणा, समजा 90, आणि पाचवा गिअर काढून चौथा टाका. चाकाचे फेरे तेवढेच राहिले, इंजिनाचे मात्र बरेच वाढले. थरथर होती तशीच राहिली तर चाक. बदलली किंवा गेली तर इंजिन. काही गाड्यांच्या साध्या मॉडेलला आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा नसतो, त्यांना ही परीक्षा फार उपयोगी. तिसरी, त्याच वेगाला क्लच दाबून गाडी दोन-चार सेकंद तशीच वाहू द्या. इंजिन आयडलवर येतं, चाकं त्याच वेगानं फिरत राहतात. थरथर राहिली तर चाक, गेली तर इंजिन. इंजिन बंद मात्र कधीच करू नका. ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते, आणि किल्ली पूर्ण फिरून निघाली तर स्टेअरिंग लॉकही होऊ शकतं.

या तिसऱ्या परीक्षेत एक पाहुणा मध्येच येतो, त्याला ओळखून ठेवा. ॲक्सिलरेटर दिला की थरथर, पाय काढला की शांत. लोक इंजिनाला दोष देतात, पण बऱ्याचदा हा आतला सीव्ही जॉइंट असतो, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाकडं जाणाऱ्या ॲक्सलचं आतलं टोक. जोर लागतो तेव्हाच त्याची झीज बोलते. उभ्या गाडीत कितीही रेस करा, काही होत नाही, त्यामुळं इंजिन सुटलं. वळताना बाहेरच्या जॉइंटचा "कट-कट" आवाज येतो, आतला तसा आवाज करतोच असं नाही. गाडी जॅकवर घेऊन जॉइंटवरचं रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटलंय का आणि आजूबाजूला ग्रीस उडालंय का ते बघा. बूट वेळेत बदललं तर जॉइंट वाचतो, ग्रीसमध्ये धूळ गेल्यावर वाचत नाही.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग आणि पायाखालचं पॅडल हलत असेल तर ती ब्रेकच्या डिस्कची गोष्ट, तिचा या दोघांशी संबंध नाही.

आणि अलाइनमेंट! थरथरीची तक्रार घेऊन गेलं की अलाइनमेंट करून पाठवतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की लिहिल्यावाचून राहवत नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. थरथर जाते ती बॅलन्सिंगनं. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी होतात, बिलावर एकत्र येतात, म्हणून एकच वाटतात. काउंटरवर स्पष्ट सांगा : "बॅलन्सिंग करा, आणि चाक मशीनवर फिरताना मला बघू द्या." फिरणाऱ्या चाकाची कड वरखाली नाचतेय का, हे डोळ्याला लगेच दिसतं.

एका बाबतीत मात्र या सगळ्या परीक्षा बाजूला ठेवायच्या. थरथर आज अचानक आली आणि मिनिटागणिक वाढतेय, विशेषतः नुकतंच पंक्चर काढून चाक बसवलं असेल, तर गाडी ताबडतोब कडेला घ्या आणि चाकाचे नट बघा. सैल नटावर पुढच्या ढाब्यापर्यंतसुद्धा जाऊ नका.

माझ्या गाडीत शेवटी पुढच्या डाव्या रिमवर वजन पडल्याची रिकामी खूण निघाली आणि आत वाळलेल्या मातीचा थर. तेवढं झालं तशी स्टेअरिंग शांत झालं. सीटखाली थोडं राहिलं होतं, ते मागच्या एका फुगलेल्या टायरचं होतं.

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगा की इंजिन गार ठेवा. पहिली स्टार्ट तुम्ही करा आणि एसी लावून दोन मिनिटं नुसतं बसा. मग गाडी विजापूर रस्त्याला किंवा पुणे रस्त्याला काढा, 90 ला नेऊन चौथा-पाचवा करून बघा. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि चारही चाकांच्या आतल्या कडेवरून सावकाश बोट फिरवा. पोट आलेलं असेल तर ते डोळ्याआधी बोटाला लागतं.