कॉन्टेक्स्ट म्हणजे तालुक्याची माहिती नव्हे, आणि मेकॅनिझम म्हणजे यंत्रणा नव्हे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या आरोग्य कार्यक्रमांचे रिपोर्ट माझ्याकडं वाचायला येतात, एमएसडब्ल्यूची (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची) पोरं पाठवतात, संस्थांतले लोक पाठवतात, आणि हल्ली बऱ्याच रिपोर्टवर 'रिअलिस्ट मूल्यमापन' असं लिहिलेलं असतं. मला त्याचं बरंच वाटतं. पण आत उघडलं की प्रत्येक वेळी तोच घोळ. 'कॉन्टेक्स्ट' म्हणून तालुक्याची लोकसंख्या, पाऊस, जंगल, मराठी बोलणारे किती. 'मेकॅनिझम' म्हणून ट्रेनिंग दिलं, रजिस्टर दिलं, टॅब दिला. दोन्ही चूक आहे, आणि दुसरी चूक जास्त महागात पडते.

साधं मूल्यमापन तुम्हाला येतंच, टार्गेट किती, झालं किती, आधी काय होतं, नंतर काय झालं, त्यावर वेळ घालवत नाही. रिअलिस्टमध्ये त्याच्या पुढं जाऊन विचारायचं की कुणासाठी झालं, कुठल्या परिस्थितीत झालं आणि का झालं. रे पॉसन आणि निक टिली या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९९७ मध्ये ही मांडणी केली, सूत्र सगळ्यांना पाठ असतं, कॉन्टेक्स्ट अधिक मेकॅनिझम बरोबर आऊटकम. आऊटकम म्हणजे शेवटी जे झालं ते, त्यात कुणी अडकत नाही, तो सोडून देऊ.

आधी शब्दांचं बघू, कारण निम्मा घोळ भाषांतरातच होतो. मेकॅनिझमला 'यंत्रणा' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर काय येतं? आरोग्य यंत्रणा, म्हणजे डीएचओ (जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी), टीएचओ (तालुक्याचे), सिस्टर, आशा, गाडी, गोदाम. मग तो त्या रकान्यात तेच लिहिणार, त्याचा दोष नाही. कॉन्टेक्स्टला 'संदर्भ' म्हटलं तर त्याहून वाईट, कारण आपल्याकडं संदर्भ सेवा म्हणजे पेशंटला मोठ्या दवाखान्यात पाठवणं. म्हणून मी दोन्ही शब्द इंग्रजीच ठेवतो, आणि मराठीत सांगायची वेळ आली तर कॉन्टेक्स्टला 'आधीपासूनची परिस्थिती' म्हणतो आणि मेकॅनिझमला 'मनात काय हललं' म्हणतो. दुसरा शब्द रिपोर्टात शोभत नाही असं मला सांगितलं गेलंय. तरी तोच बरोबर आहे.

आता मुख्य गोष्ट. एकाच तालुक्यातली दोन प्राथमिक आरोग्य केंद्रं घ्या, नावं सांगत नाही, दोन्हीकडं मी जाऊन बसलोय. कार्यक्रम एकच, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून चालू आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी, जोखीम दिसली की कार्डावर लाल स्टिकर, नसली की हिरवा. (कार्ड म्हणजे गरोदर बाईच्या नोंदींचं आपलं तायी कार्ड. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, आमच्या कानाला ते ताई कार्डच वाटतं.) दोन्हीकडं स्टिकर तेच, फॉर्म तोच, सिस्टर लोकांचं ट्रेनिंग एकाच हॉलमध्ये झालेलं.

पहिल्या केंद्रात डॉक्टर बरीच वर्षं एकाच जागी आहेत. सिस्टरनं रात्री फोन केला, सर, बीपी एकशे पन्नास-शंभर आहे, तर ते उचलतात आणि तालुक्याच्या दवाखान्यात स्वतः फोन लावून सांगतात की बाई येतेय. तिथली सिस्टर लाल स्टिकर लावताना थांबत नाही.

दुसऱ्या केंद्रातल्या डॉक्टरांकडं दोन केंद्रांचा चार्ज, ते कधी इथं तर कधी तिथं. आणि तिथं आधी एक गोष्ट घडून गेलेली. एका बाईचं बाळ पोटातच गेलं, कार्डावर जोखीम लिहिलेली होती, आणि जिनं लिहिली त्याच सिस्टरला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं, तुला माहीत होतं तर तू काय केलंस म्हणून. मी तिथं एका ९ तारखेला बसलो होतो. हिमोग्लोबिन मीटरवर सहा पॉइंट आठ आलेलं मी बघितलं आणि कार्डावर सात पॉइंट दोन लिहिलेलं पण बघितलं. सातच्या खाली गेलं की तो तीव्र ॲनिमिया, लाल स्टिकर लावायलाच लागतो. त्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून पुढं पाठवलं. दुपारी चहा घेताना सिस्टर आपणहून बोलली, "सर, लाल लावला की ती बाई माझी होते. गाडी कोण देणार, सोबत कोण जाणार, आणि काय झालं तर विचारणार कुणाला?"

हे जे ती बोलली, ते मेकॅनिझम. स्टिकर मेकॅनिझम नाही, ट्रेनिंग नाही, ९ तारीख पण नाही. ती सगळी कार्यक्रमानं आणून दिलेली साधनं. ती हातात पडल्यावर सिस्टर जो हिशोब करते, 'लाल लावला तर मदत येते' किंवा 'लाल लावला तर माझ्या अंगावर येतं', तो मेकॅनिझम. २०१५ मध्ये सोनिया डाल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच सुचवलं की मेकॅनिझमचे दोन तुकडे वेगळे लिहा, दिलेलं साधन एक आणि त्यावर माणसाचा विचार दुसरा. मला हे फार पटतं, कारण असं लिहायला घेतलं की दुसरा तुकडा रिकामा आहे हे लगेच दिसतं. आपल्याकडच्या दहातल्या आठ रिपोर्टात तो रिकामाच असतो असं माझं मत आहे.

मग कॉन्टेक्स्ट कुठला? फोन कोण उचलतं, डॉक्टरांकडं किती केंद्रांचा चार्ज आहे, मागच्या वेळी खरं लिहिणाऱ्याचं काय झालं. हे कार्यक्रम यायच्या आधीपासून तिथं होतं आणि त्यानंच ठरवलं की सिस्टरच्या मनात दोन हिशोबांपैकी कुठला उठेल. पॉसन आणि टिली बंदुकीच्या दारूचं उदाहरण देतात, ठिणगी तीच, पण दारू कोरडी असेल तरच पेट घेते. खानापूरच्या पावसाळी कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पावसात सादळलेल्या फटाक्याला कितीही काडी लावा. फक्त माणसांच्या बाबतीत पेटलं किंवा नाही पेटलं एवढंच नसतं. डाल्किन यांनी त्याला दिव्याच्या डिमरची उपमा दिलीय, मी फॅनचा रेग्युलेटर म्हणतो, एकवर पण फिरतो आणि पाचवर पण. दुसऱ्या केंद्रातली सिस्टर काहीच करत नव्हती असं नाही, ती बीपीचे लाल स्टिकर लावायची, हिमोग्लोबिनचे टाळायची, कारण बीपीच्या बाईला औषध तिथंच देता यायचं.

पाऊस, जंगल, भाषा हे कॉन्टेक्स्ट नसतातच असं मी म्हणत नाही. पण ते कुणाच्या तरी निर्णयाला जाऊन भिडले पाहिजेत. भाषेचंच घ्या, सीमाभागातल्या प्रत्येक रिपोर्टात पहिल्या पानावर ती असते आणि नंतर कुठंच नसते. फॉर्म कन्नडमध्ये, आशाताई मराठी शाळेत शिकलेली, तिला एक ओळ कळत नाही, ती सिस्टरला विचारते. सिस्टर न वैतागता सांगत असेल तर भाषेचा प्रश्न तिथंच संपतो. वैतागत असेल तर ताई विचारायचं बंद करते आणि अंदाजानं टिक मारते. म्हणजे नुसती भाषा पुरत नाही, विचारल्यावर काय उत्तर मिळतं तेही धरायला लागतं, आणि हे जनगणनेच्या आकड्यात सापडत नाही.

कर्नाटकातलंच बघायचं असेल तर तुमकूर जिल्ह्यातलं काम वाचा, तालुका पातळीवरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना व्यवस्थापनाचं ट्रेनिंग दिलं होतं त्याचं रिअलिस्ट मूल्यमापन, बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थमधल्या लोकांनी केलेलं. ट्रेनिंग एकच, तरी तालुके वेगवेगळे वागले. माणसाची कामाशी बांधिलकी, आपल्याला हे जमेल हा त्याचा भरवसा, आणि आजूबाजूची साथ, या गोष्टी एकमेकींना कशा जुळतात त्यावरून त्यांनी ते समजावून सांगितलंय. अडथळे एका रकान्यात आणि पूरक घटक दुसऱ्या रकान्यात, असला तक्ता करून ते थांबले नाहीत. तो तक्ता मला अजिबात चालत नाही. त्यात 'स्टाफची कमतरता' आणि 'चांगलं नेतृत्व' शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांशी बोलतच नाहीत. त्यापेक्षा एक पूर्ण वाक्य लिहा, अमुक परिस्थितीत अमुक साधन हातात आलं तेव्हा सिस्टरनं असा विचार केला, म्हणून असं झालं. लांब झालं तरी चालेल.

एका ठिकाणी मात्र सगळेच अडखळतात आणि ते साहजिक आहे. विश्वास कुठं टाकायचा? डॉक्टरांवर सिस्टरचा विश्वास आधीपासून असेल तर तो कॉन्टेक्स्ट. कार्यक्रमात दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलणं ठेवलं आणि त्यातून तिला वाटायला लागलं की हे पाठीशी राहतील, तर तो मेकॅनिझम. आणि वर्षभरानं तोच विश्वास मुरला, तर पुढच्या कार्यक्रमासाठी परत कॉन्टेक्स्ट. त्यामुळं 'विश्वास हा कॉन्टेक्स्ट की मेकॅनिझम' असं मोघम विचारू नका, कुठल्या कार्यक्रमाच्या बाबतीत आणि कधी, ते आधी ठरवा. दुसऱ्या केंद्रात नंतर दुसरे डॉक्टर आले, फोन उचलणारे. पहिले काही महिने स्टिकर तसेच कमी लागत होते, मग हळूहळू वाढले. ज्यानं फक्त आकडे बघितले तो म्हणाला, केंद्रात जोखमीच्या बायका वाढल्या.

मुलाखतीला जाल तेव्हा 'इथं सुपरव्हिजन चांगलं आहे का' असं विचारू नका, हो असंच उत्तर येतं, शेजारी क्लार्क बसलेला असतो. 'मागच्या वेळी लाल स्टिकर लावला तेव्हा पुढं काय काय झालं, सुरुवातीपासून सांगा' असं विचारा, आणि ती थांबली तरी मध्ये बोलू नका.