अक्षरं पुसली म्हणून नाणं मुकं होत नाही

‘नाण्यावरचा लेख, म्हणजे कोरलेली अक्षरं, वाचता येत नसेल तर रोमन नाणं ओळखता येत नाही, ते भंगारात घाला’ हा समज संग्राहकांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. अक्षरं बारीक असतात, लवकर झिजतात; पण चित्राची ठेवण टिकते.

चौथ्या शतकातलं तांब्याचं छोटं नाणं घ्या. मागच्या बाजूला समोरासमोर उभे दोन सैनिक पुसट दिसतात? मग त्यांच्यामधले ध्वज मोजा. दोन असतील तर साधारण इ.स. 330 ते 335. एकच असेल तर त्यानंतरची काही वर्षं, आणि नाणंही आकाराने लहान. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारणारा सैनिक असेल तर 348 नंतरचं. रोमच्या दंतकथेतली लांडगी आणि तिचं दूध पिणारी दोन बाळं तर झिजूनही लपत नाहीत! राजा नेमका कोण, हे मात्र कधी कधी अनिश्चितच राहतं, कारण दोन सैनिकांचं चित्र रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइननेही वापरलं आणि त्याच्या मुलांनीही.

वजन, व्यास घ्या, बॅटरीचा उजेड तिरपा पाडा. लिंबू-चिंचेने घासू नका. उरलेली रेषही जाते.